हौसाबाईंचे नऊ

“नऊ,” हौसाबाई म्हणाल्या.

“नऊ कसं होईल, मावशी?” मी म्हणालो.

“कसं म्हंजे? दुखतंय म्हनून व्हतंय.”

“अहो, पण दहा म्हणजे काय ते मघाशी सांगितलं ना? दहा म्हणजे आजवर कुणालाच झालं नसेल इतकं. जिता माणूस विस्तवावर ठेवल्यासारखं. तुम्ही त्याच्या एकच घर अलीकडं आहात का?”

हौसाबाईंनी डोळे मिटले आणि खरोखर विचार केला. कपाळावर घामाचे थेंब उभे होते. पण आमचं यंत्र कपाळ बघत नसे, फक्त बोट बघे. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला लावलेल्या चिमट्यातून एक वायर निघून माझ्या मांडीवरच्या डबीत गेली होती, आणि डबीवर हिरव्या आकड्यांत लिहून येत होतं: चौदा. शंभरापैकी.

“मग आठ घे,” हौसाबाई म्हणाल्या.

मला हुरूप आला. पहिला भाव हलला की पुढचं सोपं असतं, हे मला तोवर अठ्ठावन्न-एकोणसाठ पेशंटांवरून कळलं होतं. हौसाबाईंना ते तीस वर्षांच्या बाजारावरून माहीत होतं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात भूलशास्त्र विभागात संशोधन सहायक म्हणून लागलो होतो. नोकरी अकरा महिन्यांची. बारावा महिना जवळ आला की साहेबांची मर्जी बघायची, हा नियम ऑर्डरीत लिहिलेला नव्हता, पण पाळायचा तोच होता.

साहेब म्हणजे डॉक्टर रणदिवे, विभागप्रमुख. माणूस हुशार आणि कष्टाळू. ऑपरेशननंतर पेशंटला किती दुखतं हे पेशंटला न विचारता कळलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. त्याला कारण होतं. आमच्याकडचा पेशंट आकड्यात बोलतच नाही. “दहापैकी किती दुखतंय?” विचारलं की “चार आणे फरक हाय” म्हणतो, नाहीतर “तुमच्या कृपेनं बरं हाय” म्हणून कण्हायला लागतो. हर्नियाचा एक पैलवान टाके ओले असताना “शून्य” म्हणाला आणि यंत्र अठ्ठ्याहत्तर दाखवत होतं. एक तलाठी पेपरातलं शब्दकोडं सोडवता सोडवता “दहा” म्हणाला, यंत्र अकरा.

“शेटे,” साहेब मला म्हणत, “पेशंट खोटं बोलतो. नाडी खोटं बोलत नाही.”

यंत्र नाडीवर चालायचं. दुखलं की नाडी धावते. ती किती धावली यावरून डबी आकडा काढायची. एका कंपनीनं ते पारखायला म्हणून उसनं दिलं होतं. साठ पेशंट घ्यायचे, प्रत्येकाचा स्वतःचा आकडा आणि यंत्राचा आकडा शेजारी मांडायचा आणि दोन्ही जुळतात हे दाखवायचं. जुळतात की नाही हे पाहायचं, असं प्रस्तावात लिहिलं होतं. प्रस्ताव मीच टाइप केला होता.

पहिल्या वीस पेशंटांत काहीच जुळेना. आलेखावर ठिपके असे पडले होते की जणू कुणी ज्वारी उधळलीय. साहेब तो कागद बराच वेळ उलटसुलट बघत राहिले आणि म्हणाले, “पेशंटांना मोजपट्टी नीट समजावून सांगायला हवी, शेटे. त्यांचं प्रशिक्षण कमी पडतंय.”

मग मी प्रशिक्षण देऊ लागलो. यंत्राकडं आधी बघायचं आणि मग पेशंटला त्या दिशेनं समजावून न्यायचं. पैलवानाला “लाजू नका” म्हणायचं, तलाठ्याला “विस्तव आठवा” म्हणायचं. ठिपके हळूहळू रांगेला लागले. खोटा आकडा मी एकदाही लिहिला नाही. पेशंटनं तोंडानं जो म्हटला तोच लिहिला. एवढा प्रामाणिकपणा माझ्यात होता, तेच वाईट झालं.

साठावा पेशंट म्हणजे हौसाबाई कोळेकर. वय पंचावन्न-साठ. कवठ्याच्या सोमवारच्या बाजारात भाजी विकायच्या. बुधवारी माल घेऊन येताना टेम्पोतून टोपल्यासकट खाली आल्या आणि डाव्या नडगीचं हाड दोन जागी मोडलं. गुरुवारी सकाळी पट्टी-स्क्रू घालून पाय बांधला. दुपारी चारला मी डबी घेऊन त्यांच्या खाटेपाशी बसलो. रविवारी साहेबांची परिषद होती. हा एक ठिपका टेकवला की आलेख पुरा, आणि माझे पुढचे अकरा महिनेही.

चिमटा लावण्याआधीच त्यांनी माझीच तपासणी केली होती.

“कोन तू? डाक्टर?”

“नाही मावशी. मी मोजणारा.”

“काय मोजतोस?”

“किती दुखतंय ते.”

“आन् ह्यो काटा?” त्यांनी डबीकडं हनुवटी केली.

“काटाच म्हणा.”

“शिक्का कुनाचा त्याच्यावर? आमच्या काट्याला वरसाला वजनमापवाला शिक्का मारतो. न्हाईतर दंड. तुझ्या काट्यावर तर काय दिसंना.”

मी हसलो. ऑपरेशन झालेली बाई विनोद करते म्हणजे फार दुखत नसणार, अशीही नोंद मी मनातल्या मनात केली.

“मला एवढंच सांग,” त्या म्हणाल्या, “मांडी घालून बसता यील न्हवं? म्हैन्यानं का व्हईना. बाजारात खुर्ची टाकून बसलेल्या बाईकडनं कोन भाजी घेत न्हाई. गिऱ्हाइकाला वाटतं, हिला गरज न्हाई.”

“येईल की. का नाही येणार?” मी म्हणालो. हे सांगायचा मला काहीएक अधिकार नव्हता.

मग त्यांनी कमरेच्या चंचीतून एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. “बीपीची,” म्हणाल्या. “नाडी पळती माझी म्हनून दिलीया.”

आमच्या फॉर्मवर चौथा नियम होता: नाडी संथ ठेवणारं औषध घेणारे पेशंट या पाहणीत घेऊ नयेत. तोही मीच टाइप केलेला. गोळीकडं मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण फॉर्मवर त्या रकान्यात ‘नाही’ लिहून झालं होतं आणि साठच्या साठ फॉर्म मोजून क्लिप केलेले होते.

तर आठ.

“मावशी, आठसुद्धा फार होतंय. यंत्र बघा काय म्हणतंय. चौदा. शंभरात चौदा म्हणजे दहात दीड.”

“तुझा काटा खोटा हाय.”

“बरं, काटा राहू दे. तुमची बाळंतपणं किती?”

“चार.”

“त्यात जास्त दुखलं होतं की आता?”

हा माझा हुकमी प्रश्न होता. बायका इथं हमखास खाली यायच्या.

“ते दुखनं येतं-जातं, लेकरा,” हौसाबाई म्हणाल्या. “ह्ये जाईना झालंय. आत कुनीतरी पोतं भरत बसलंय आन् तोंड शिवलंय, तसं. चल, सात घे. त्याच्या खाली मला परवडत न्हाई.”

सात लिहिलं असतं तर काय झालं असतं, ते वॉर्डातल्या भिंतीवरच लिहिलं होतं. साहेबांचा तक्ता होता: सात किंवा वर, सर्जनला बोलवा. चार ते सहा, इंजेक्शन. तीनपर्यंत, गोळी. ते मला पाठ होतं. पण त्या घटकेला तो तक्ता भिंतीवर होता आणि आलेख माझ्या मांडीवर होता.

“सहा?” मी म्हणालो.

“सहा कशापायी?”

“पाच म्हणा मग.” आणि दोघांनाही हसू आलं. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा फिसकन हसली. “अगं हौसा, पोरगं तुझ्यापरास चेंगट निघालं,” ती म्हणाली.

हसताना हौसाबाईंचा चेहरा मध्येच आक्रसला. त्यांनी खाटेची पट्टी धरली. डबीवर चौदाचे पंधरा झाले आणि पुन्हा चौदा.

मी थकलो होतो. सकाळपासून चार जणांवर मेहनत केली होती आणि चौघेही हातचे गेले होते. एकाला उलटी झाली, एकाला घरी सोडलं, दोघे झोपलेले. मी डबी बाजूला ठेवली आणि खरं तेच बोललो.

“मावशी, सकाळपासून एक आकडा जुळला नाही माझा. उद्या साहेबांना कागद द्यायचाय. नाही दिला तर ही नोकरी राहील का नाही सांगता येत नाही.”

हौसाबाईंनी मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं.

“बोहनी न्हाई झाली म्हन की तुझी.”

“नाही झाली.”

“मग आधी का न्हाई सांगितलंस? येवढा घसा कोरडा केला माझा.” त्यांनी ओठ दाताखाली धरला. “किती पायजे तुला?”

मी आकडा सांगितला नाही. एवढं मी आजही स्वतःला बजावतो. मी फक्त डबीकडं बघितलं.

“तीन घे,” हौसाबाई म्हणाल्या. “बोहनीचं म्हनून. तोट्यात देतीया. जा.”

फॉर्मवर आणि खाटेच्या चार्टवर मी तीन लिहिलं, शेजारी यंत्राचे चौदा. पेशंटची सही लागायची. त्यांनी अंगठा दिला. चिमटा काढताना त्यांचं बोट माझ्या हाताला लागलं, ते गार पडलं होतं. मी म्हणालो, “आराम करा, मावशी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्म घेऊन वॉर्डात गेलो तर खाट रिकामी होती आणि चादर बदललेली. सिस्टर आवळे टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होत्या. पंचवीस वर्षं नोकरी झालेली बाई. पेशंटच्या पावलाला हात लावून, ते गार की ऊबदार यावरून, सर्जनला बोलवायचं की नाही ते ठरवायची. आठवड्यापूर्वी साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांना झापलं होतं. यंत्रावर पंधरा असलेल्या पेशंटसाठी त्यांनी सर्जनला जेवणावरून उठवलं होतं म्हणून. “अंदाजपंचे कारभार बंद करा, सिस्टर. आकडा बघा,” असं म्हणून तो तक्ता लावला होता.

“हौसाबाई कुठायत?” मी विचारलं.

“थेटरात. पहाटे राउंडला डॉक्टरांनी पायाचं बँडेज सोडलं. पाय आतून सुजून आवळत गेला होता. बोटं हलत नव्हती. आता चिरून मोकळं करतायत.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “शेटे, काल बाईंशी काय ठरवलंत तुम्ही?”

“ठरवलं म्हणजे?”

“संध्याकाळी दोनदा विचारलं मी. पदर दातात धरला होता त्यांनी. म्हटलं, मावशी, किती दुखतंय? म्हणाल्या, तीन. म्हटलं, खरं सांगा. म्हणाल्या, त्या पोरासंगं ठरलंय, भाव ठरल्यावर फिरवायचा नसतो. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बडबडतायत. चार्टवर बघितलं, तीन. यंत्राचा आकडा बघितला, चौदा. तक्ता बघितला. गोळी दिली.” त्या आपल्याच तळहाताकडं बघत राहिल्या. “पावलाला हात लावला नाही मी. छत्तीस खाटा होत्या. पण तेवढा हात लावायला किती वेळ लागतो हो?”



पाय वाचला. म्हणजे जागेवर राहिला. आतलं मांस बरंचसं मेलं होतं, ते तीन खेपेत काढलं. पाऊल लोंबतं झालं, ते कायमचं. घोटा आणि गुडघा धड दुमडेनात.

त्याच शुक्रवारी दुपारी साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं. खुर्चीत सर्जन बसले होते.

“पेशंटनं स्वतः किती सांगितलं होतं?” साहेबांनी विचारलं.

“तीन.”

“आणि यंत्र?”

“चौदा.”

“म्हणजे दोन्ही जुळत होते,” साहेब सर्जनना म्हणाले.

“बाई नाडी संथ ठेवणारी गोळी घेतात,” सर्जन म्हणाले. “मला आज कळलं. यंत्राला काय दिसणार, कपाळ? पण त्या तीन कशा म्हणाल्या हे मला समजत नाही. असल्या पायाचा गडी ओरडून वॉर्ड डोक्यावर घेतो.”

साहेबांनी फॉर्म काढला. “इथं तर गोळी ‘नाही’ लिहिलंय. शेटे, पेशंटनं सांगितलं नसेल.”

“नसेल,” मी म्हणालो.

त्या सगळ्या प्रकरणात मी उच्चारलेला निखालस खोटा शब्द तेवढाच. बाकी सगळं खरं होतं, आणि कागदावर होतं.

साठावा ठिपका काढून टाका, असं मला कुणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही. रविवारी परिषदेत साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला. सगळे ठिपके त्यांच्यामधून काढलेल्या रेषेच्या आजूबाजूला होते. एकच, साठावा, नेमका रेषेवर बसला होता. साहेबांनी त्यावर काठी टेकवली आणि म्हणाले, “हा पाहा आदर्श.” टाळ्या झाल्या. मला अकरा महिने मिळाले. त्यांतले दोन मी काढले आणि राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ असं लिहिलं.

दोन वर्षांनी मी कवठ्याला गेलो. सोमवार होता. एस.टी.त एक वाक्य तयार केलं होतं, उतरेपर्यंत ते तीनदा दुरुस्त केलं. बाजार देवळामागच्या मैदानात भरतो. भाजीच्या रांगेत सगळ्या बायका पोत्यावर मांडी घालून बसलेल्या, आणि टोकाला एकटीच बाई लाकडी स्टुलावर. डावा पाय पुढं लांब सोडलेला, पावलाला चामड्याचा पट्टा. समोर वांगी, ढीग जवळजवळ सकाळचाच होता. हातात तोलकाटा.

माझ्या पुढं एक बाई उभी होती. “वांगी कशी, आजी?”

“दहाला अर्धा किलो.”

ती बाई पुढच्या ढिगाकडं गेली. मी पुढं झालो. हौसाबाईंनी वर बघितलं. आधी चेहऱ्याकडं, मग माझ्या हातांकडं. हात रिकामे होते.

“कशी दिली वांगी?” मी विचारलं.

त्यांनी वांग्यांचा ढीग हातानं सारखा केला.

“नऊ,” म्हणाल्या.

“नऊ,” मी म्हणालो. “द्या.”

त्यांनी रिकामा काटा माझ्यासमोर धरला. पारडी समान होती. वजन इकडचं तिकडं घालून दाखवलं, मग वांगी टाकली. दांडीवर वजनमापवाल्याचा शिक्का होता, त्यावर अंगठा फिरवला. पिशवीत वांगी ओतताना पाय थोडा सरकला आणि त्या क्षणभर थांबल्या. मग पुन्हा ओतू लागल्या.

“मावशी, त्या दिवशी मी...” एस.टी.तलं वाक्य निम्म्यातच संपलं.

“ठावं हाय. तुझी बोहनी व्हायची व्हती.” त्यांनी दहाची नोट घेतली, कपाळाला लावली आणि एक रुपया माझ्या तळव्यावर ठेवला. “तुझ्यावर राग न्हाई माझा. गिऱ्हाईक भाव पाडतंयच, त्याचं कामच हाय ते. इतकी वरसं बाजार केला मी. माल माझा व्हता. मी कशाला दिला?”

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं आणि त्यांनाही होतं. मी रुपया मुठीत धरून उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो.

“पाय दुखतो का अजून?”

हौसाबाईंनी काटा मांडीवर ठेवला. उजव्या हाताची तर्जनी पुढं केली, चिमट्यासाठी केली होती तशीच.

“सांग की,” त्या म्हणाल्या. “किती म्हनू?”

मागून एक गिऱ्हाईक मला खांद्यानं सारून पुढं झालं. “आजी, आठला द्या की अर्धा किलो. सगळीकडं आठच चाललंय.”

“दहा,” हौसाबाई म्हणाल्या. त्यांची नजर माझ्यावरच होती. “कमी न्हाई.”